पार्श्वभूमी : माजी नौसैनिकांच्या मेळाव्यात पहिला प्रश्न जहाजाचा का असतो

माजी नौसैनिकांच्या स्थानिक मेळाव्यात दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की गाव, आडनाव नंतर निघते. आधी विचारले जाते, ‘कुठल्या जहाजावर होता?’ उत्तर ‘तलवार’ असे आले तर लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘कोणती तलवार?’ ब्रिटिश अमलातील नौदलात १९४६ चा नौसैनिकांचा उठाव जिथून पेटला ती ‘तलवार’ हे मुळी जहाजच नव्हते. ते मुंबईतील सिग्नल शाखेचे प्रशिक्षण केंद्र होते, कारण किनाऱ्यावरच्या आस्थापनेलाही जहाजाप्रमाणेच नाव देऊन सेवेत दाखल करण्याची नौदलाची जुनी रीत आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धात कराचीवरील दुसऱ्या हल्ल्यात सहभागी झालेली ‘तलवार’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका वेगळी, आणि २००३ मध्ये दाखल झालेली रशियन बांधणीची ‘तलवार’ आणखी वेगळी.

हा घोळ गमतीचा वाटला तरी या मंडळींच्या आठवणींचे वेगळेपण त्यातच आहे. भूदलातून निवृत्त झालेल्या जवानाची रेजिमेंट त्याच्या मागे कायम राहते. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा आहे आणि त्या रेजिमेंटचा माणूस म्हातारपणीही बेळगावच्या केंद्रात जाऊन आपल्या पलटणीच्या खुणा पाहू शकतो. नौसैनिकाची मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, शिपमेट म्हणजे एकाच जहाजावरचे सोबती पांगतात, आणि ज्या जहाजावर ऐन तारुण्य गेले ते जहाज बहुधा त्याच्या हयातीतच मोडीत निघते. परत जाऊन पाहावे अशी जागाच उरत नाही, म्हणून ती जागा मेळाव्यातल्या बोलण्यात पुन्हा उभी करावी लागते.

‘विक्रांत’चे उदाहरण मुंबईकरांना आठवत असेल. मार्च १९६१ मध्ये बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये संग्रहालय बंद पडले आणि २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून बजाजने ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. जिच्या फ्लाइट डेकवरून विमाने उडाली त्या जहाजाचा अंश दुचाकीच्या टाकीत जावा, याचा अभिमान बाळगावा की खंत करावी, यावर जुन्या विक्रांतकरांचे अजूनही एकमत नाही. नव्या ‘विक्रांत’ने २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे तेच नाव घेतले, त्याच समारंभात नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रॉस जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

जहाज निवृत्त होते त्या दिवशी त्याच्यावर पूर्वी काम केलेल्यांना आवर्जून बोलावले जाते. डोलकाठीवरून ‘पेइंग ऑफ पेनंट’ नावाची लांबच लांब पताका सोडलेली असते आणि सूर्यास्ताला ध्वज शेवटचा उतरवला जातो. अनेक जहाजांच्या माजी नौसैनिकांचे गट या एका संध्याकाळीच जुळून आले आहेत.

मेळाव्यांच्या तारखांनाही इतिहास आहे. नौदल दिन पहिल्यांदा साजरा झाला तो २१ ऑक्टोबर १९४४ रोजी, म्हणजे ब्रिटिश अमलातील रॉयल इंडियन नेव्हीच्या काळात. पुढे तो डिसेंबरात सरकला आणि १९७२ पासून ४ डिसेंबर ही तारीख कायम झाली. १९७१ मध्ये त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवून ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. या नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी बांधलेल्या, त्यांचा पल्ला तोकडा. त्यामुळे वाटेत काही अंतर त्यांना मोठ्या जहाजांनी दोर बांधून ओढत नेले. हल्ल्याचे नेतृत्व करणारे कमांडर बब्रू भान यादव यांना महावीर चक्र मिळाले, पण मेळाव्यात रंगून सांगितली जाते ती या दोराचीच हकीकत.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. ‘कच्छल’ या भारतीय युद्धनौकेने ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिकांना पाण्यातून बाहेर काढले. ४ तारखेला बँड असतो, रोषणाई असते. ९ तारखेचे कार्यक्रम थोडक्यात आटोपतात, आणि माझ्या मते जुन्या नौसैनिकांच्या लेखी अधिक जड तारीख हीच आहे. १९८९ मध्ये ‘खुकरी’ हे नाव एका कॉर्व्हेटला, म्हणजे लहान युद्धनौकेला, देण्यात आले. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी दीवच्याच स्वाधीन करण्यात आली. दुसऱ्या खुकरीवर काम केलेल्यांना जाऊन पाहण्यापुरते तरी आपले जहाज उरले, हा अपवादच म्हणायचा.

१९४६ चा उठाव मात्र या मेळाव्यांत फार उशिरा आला. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’मध्ये निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांवरून सुरू झालेला संप ७८ जहाजांपर्यंत पोहोचला आणि २३ तारखेला मिटला. त्यातील बडतर्फ नौसैनिकांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही, त्यामुळे कित्येक वर्षे ते ना धड माजी सैनिक होते, ना धड स्वातंत्र्यसैनिक. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतन योजनेत या उठावाचा समावेश पुढे झाला. कुलाब्यात स्मारक उभे राहिले आणि नौदलाने आपल्या दोन टगबोटींना उठावातील बी. सी. दत्त व मदन सिंग यांची नावे दिली. सन्मान झाला, पण तो पाहायला फार थोडे उरले होते.

आठवणींइतकाच वेळ कागदपत्रांनाही जातो, आणि त्याला कारण नौसैनिकाच्या सेवेची घडण आहे. पंधरा वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशीच्या आतबाहेर घरी येतो. पुढे बँकेत, गोदीत किंवा व्यापारी जहाजावर दुसरी नोकरी करताना नौदलाचे निवृत्तिवेतन तो पन्नास-पन्नास वर्षे घेतो. इतक्या काळात नियम अनेकदा बदलतात. पूर्वी सक्रिय सेवेनंतर नौसैनिकाला राखीव दलात घेत आणि दोन्ही मिळून निवृत्तिवेतन ठरे. ३ जुलै १९७६ पासून राखीव दलात घेणे थांबले आणि त्याआधी भरती झालेले अनेक जण दहा वर्षांच्या सेवेनंतर रिकाम्या हाताने बाहेर पडले. त्यांच्या विशेष निवृत्तिवेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गी लावला, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्यामानाने ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हा गाजलेला प्रश्न. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०१४ पासून धरली गेली.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यामुळे कोण आजारी आहे, कोण मुलाकडे राहायला गेले आणि कोण गेले हे त्या महिन्यात कळते. एखादा शिपमेट गेला की पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे काम निघते आणि बहुतेक वेळा गाडी नावावर अडते : सेवापुस्तकात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, तिसरेच स्पेलिंग. मग गटातला एखादा माजी ‘रायटर’ कामाला लागतो. नौदलात कारकुनी शाखेच्या माणसाला रायटर म्हणतात. जहाजावर असताना त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसे. आता त्याच्याइतका मान चीफलाही, म्हणजे ज्येष्ठ हुद्द्याच्या नौसैनिकालाही, मिळत नाही.

चार वर्षांसाठी भरती झालेल्या नौदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील ‘चिल्का’ येथून प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. चार वर्षांनंतर त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, म्हणून हयातीचा दाखलाही नाही. सभासद म्हणजे निवृत्तिवेतनधारक अशी व्याख्या ठेवली तर ते या मेळाव्यांच्या बाहेर राहतील. ‘कुठल्या जहाजावर होता?’ या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडेही उत्तर असेल.