जागा बळी घेत नाही

ठाण्याजवळच्या मुंब्रा बायपासवर बंद पडलेल्या ट्रकला मागून गाडी धडकली, की नाक्यावर हमखास ऐकू येतं, ‘ती जागाच खराब आहे, बळी घेते.’ मग कुणी तिथे नारळ फोडतं. जागेत काही नसतं. जेएनपीटी बंदराकडून भिवंडी-नाशिककडे जाणारी जड वाहनं इथे रात्रंदिवस असतात. एक अडलं की मागे रांग लागते, रांगेचं टोक वळणाआड जातं आणि मागून येणारा पूर्ण वेगात त्यावर जाऊन आदळतो. अशा अपघातात कोणाला किती लागणार, हे मुख्यतः धडकेच्या क्षणी उरलेल्या वेगावर ठरतं.

हा उरलेला वेग फार फसवा असतो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ३६ मीटर लागतात. म्हणजे ७० मीटरवर ट्रक दिसला तर गाडी जेमतेम वाचते. पावसात टायरची पकड कमी होते, घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.७ वरून ०.४ वर आला असं समजू. तेवढ्याच अंतरात किती वेगाने धडक बसेल? ताशी सुमारे ५० किमी! कारण ब्रेक दर मीटरला सारखीच ऊर्जा काढून घेतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून सुरुवातीच्या मीटरांत वेग हळूहळू उतरतो, शेवटच्या काही मीटरांत झपाट्याने. नेमके तेच शेवटचे मीटर पावसात मिळत नाहीत.

त्यात समोर भरलेला ट्रक. तो जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे वेगातला जवळपास सगळा बदल कारमधल्या माणसांच्या वाट्याला येतो. ट्रकचा मागचा भाग उंच असेल, तर चुरगळून धक्का शोषणारं बॉनेट खाली घुसतं आणि मार थेट काचेवर येतो. रस्त्यावर उतरून टायर बघणाऱ्याला तर ना पट्टा, ना एअरबॅग.

ट्रकवाले झाडाची फांदी आणि चार दगड ठेवतात, पण बहुधा मागच्या चाकापासून पाच-सहा पावलांवर. वरच्या हिशेबाने ओल्या रस्त्यावर अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंतच ९६ मीटर लागतात. खूण त्याहून मागे, मागून येणाऱ्याला वळण घेण्याआधीच दिसेल अशी हवी. ठेवायला कठड्याच्या कडेने जावं, मग कठड्यापलीकडे उभं राहून १०३३ या राष्ट्रीय महामार्गांच्या मदत क्रमांकाला फोन करावा. आणि ट्रक निघाला की दगड उचलायचेच, अंधारात दुचाकी त्यावरून उलटते.