मोहल्ला कमिटी

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘वॉर्ड ऑफिसात’, परिसरातले रहिवासी आणि पालिकेचे अधिकारी यांची साधारण महिन्यातून एकदा भरणारी बैठक. पाणी, कचरा, ड्रेनेज, पदपथ, पथदिवे, अतिक्रमण हे तिचे नेहमीचे विषय. या अर्थाने हे नाव मुख्यतः पुण्यात रुळले आहे. मुंबईची मोहल्ला कमिटी वेगळी. १९९२-९३ च्या दंगलींनंतर पोलीस आणि वस्त्यांमधली माणसे एकत्र बसावीत म्हणून पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आदींनी उभी केलेली ती चळवळ होती. खड्ड्यांशी तिचा संबंध नाही.

शहरात अशा बैठकीची गरज का पडली, हे ग्रामसभेशी ताडून पाहिले की कळते. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्यच असतो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीला १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी तेवढे मतदार लागतात. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मात्र बोलतो तो नगरसेवक. नागरिकाची जागा प्रेक्षक गॅलरीत. खाली त्याच्याच गल्लीचा विषय निघाला तरी त्याला तोंड उघडता येत नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, पण त्याही नगरसेवकांच्याच. स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी त्यांत घेता येतात, एवढीच काय ती फट. पुढे २००९ मध्ये राज्याने ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या मतदारांनी मिळून बसायचे, अशी ती शहरातली ग्रामसभाच होती. बहुतेक शहरांत ती कायद्याच्या पुस्तकातून बाहेर आली नाही. मोहल्ला कमिटी उभी आहे ती या मोकळ्या जागेत, आणि ती नेमाने भरते की नाही हे बऱ्याच अंशी त्या त्या वॉर्ड ऑफिसरच्या उत्साहावर ठरते.

बैठक बहुधा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत असते. साहजिकच खुर्च्यांवर निवृत्त मंडळी जास्त, नोकरदार कमी. दाराशी वही ठेवलेली असते : नाव, पत्ता, मोबाइल, सही. समोर पथ, ड्रेनेज, पाणीपुरवठा, विद्युत, उद्यान, घनकचरा या खात्यांचे कनिष्ठ अभियंते आणि निरीक्षक. आधी मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते आणि खरी खणाखणी तिथेच होते. ‘काम पूर्ण’ हा शेरा ऐकला की कुणीतरी सकाळीच काढलेला फोटो मोबाइलवर पुढे करते. चेंबरचे झाकण तसेच तुटलेले. उत्तरेही ठरलेली असतात : ‘वर्क ऑर्डर निघालीय’, ‘ते मुख्य खात्याकडे’, ‘ते महावितरणचं’, ‘तरतूद संपली’. आर्थिक वर्ष संपत आले की शेवटचे उत्तर जास्त ऐकू येते. खोदाई तर कुणाच्याच नावावर लागत नाही. रस्ता पथ विभागाने केला, पाइप पाणीपुरवठ्याने टाकली, मध्येच केबलवाला खणून गेला. तिघेही आपापल्या जागी बरोबर आणि खड्डा मध्ये.

मुरलेला नागरिक तोंडी बोलून थांबत नाही. तो अर्जाच्या दोन प्रती आणतो, एक आवक-जावकात देतो आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घेतो. पुढच्या महिन्यात तोच कागद टेबलावर येतो. आवाज चढवण्यापेक्षा हा शिक्का अधिक कामाचा, हे जुनी मंडळी नवख्यांना आवर्जून सांगतात.

पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठीही नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असल्याने मागण्या बाक, दिवे, पदपथ इथवरच राहतात. उड्डाणपूल न मागता येतात.

राज्यभर चालणारी दुसरी सोय म्हणजे लोकशाही दिन. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांपुढे होतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणे त्यात चालत नाहीत. शिवाय तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी, आणि गोची इथे होते. अख्ख्या गल्लीसमोर तुंबणारे गटार वैयक्तिक कसे ठरवायचे? अशा गाऱ्हाण्यांना मोहल्ला कमिटीच बरी पडते.

मार्च २०२२ मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवडसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकाचे घर गाठायची सवय असलेल्यांना तेव्हा गाठायला घरच उरले नाही. पिंपरी-चिंचवडने त्याच वर्षी ‘अ’ पासून ‘ह’ पर्यंतच्या आपल्या आठही क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी ‘जनसंवाद सभा’ भरवायला सुरुवात केली आणि तिथे आलेल्या तक्रारींच्या पाठपुराव्यासाठी समन्वय अधिकारी नेमले.