पाम वॅक्सची मेणबत्ती साच्यातून सोडवणं

पाम तेलापासून केलेलं मेण साच्यात ओतायचं, ते गार झालं की मेणबत्ती न तुटता आणि तिच्यावरची नक्षी न खरवडता बाहेर काढायची, या कामाला घरी मेणबत्त्या करणारे डिमोल्डिंग म्हणतात, बोलताना मात्र सगळे 'सुटली का?' एवढंच विचारतात. पॅराफिनवर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या नेहमीच्या मेणावर, हात बसलेली माणसं पाम वॅक्सकडे वळली की बहुतेक वेळा इथेच अडतात. खरं तर पाम वॅक्स हे चांगलं सुटणारं मेण आहे, मधमाशीच्या मेणापेक्षा तर कितीतरी सोपं. ते अडकलं तर कारण जवळजवळ नेहमी आधीच्या पायरीत सापडतं, म्हणजे साचा किती गरम होता, मेण किती हळू गार झालं, वरून दुसऱ्यांदा किती ओतलं, त्यामुळे शेवटी ओढताना जोर लावून काही हाताला लागत नाही.

मेणाचा स्वभाव

पाम तेल ज्या झाडाच्या फळांतून निघतं तो तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, आज सगळ्यात जास्त पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियात निघतं. या तेलात साधारण ४४ टक्के पामिटिक आम्ल आणि ४० टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असतं. वनस्पती तूप घट्ट करायला जी हायड्रोजनची प्रक्रिया वापरतात तीच इथे शेवटपर्यंत नेली की ओलेइकचं स्टिअरिक आम्ल होतं आणि तेलाचं कडक पांढरं मेण बनतं, साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारं. (तेलताडासाठी जंगलं तोडली जातात हा वाद मोठा आहे, २००४ मध्ये त्यासाठी आरएसपीओ ही प्रमाणपत्र देणारी संस्था सुरू झाली, मेण घेताना ते प्रमाणपत्र बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.)

हे मेण कडक असतं पण ठिसूळ. पॅराफिनला थोडा लवचिकपणा असतो, पाम वॅक्सला धक्का बसला की कोपरा सरळ उडतो. आणि हळू गार झालं की त्याच्या अंगावर पिसांसारखी किंवा काचेवर गोठलेल्या हिमासारखी स्फटिकांची नक्षी उमटते, लोक पाम वॅक्स घेतात ते मुख्यतः याच नक्षीसाठी. म्हणून इथे नुसतं सुटणं पुरत नाही, नक्षीसकट सुटायला हवं.

सुटतं कशामुळे

आपल्या घरात साच्यांची सवय आहे ती मोदकाची आणि कुल्फीची, आणि या दोन्ही सवयी पाम वॅक्सला लावल्या की फसगत होते. मोदकाच्या साच्याला आपण तूप लावतो, कुल्फीचा साचा पाण्यात बुडवतो म्हणजे बाहेरचा पातळ थर वितळून कुल्फी घसरते. मेणबत्तीचं तसं नाही, ती सुटते कारण ती आकसते. द्रवाचं घन होताना मेणाचं आकारमान बऱ्यापैकी कमी होतं. ॲल्युमिनियमचा साचाही गार होताना आकसतो पण अगदी नावापुरता, ९० अंशांवरून ३० वर आला तरी सुमारे ०.१४ टक्के, म्हणजे ७५ मिलिमीटर रुंदीच्या साच्यात जेमतेम ०.१ मिलिमीटर. मेण त्यापेक्षा कितीतरी जास्त आत सरकतं आणि भिंत आणि मेणबत्ती यांच्यात केसाएवढी फट पडते. ती फट म्हणजेच सुटणं. पाम वॅक्स चांगलं आकसतं, पॅराफिनमध्ये साच्यातून सुटायला म्हणून वरून स्टिअरिक आम्ल घालतात, पाम वॅक्समध्ये ते मुळातच भरपूर असतं.

ही गोष्ट जुनी आहे. मधमाशीचं मेण साच्याला धरून बसतं म्हणून युरोपात चर्चच्या मेणबत्त्या टांगलेल्या वातींवर पळीने मेण ओतून ओतून करायचे. फ्रान्समध्ये शेव्हरोल या रसायनशास्त्रज्ञांनी चरबीतली आम्लं वेगळी करून दाखवली, १८२५ मध्ये त्यांनी गे-ल्युसॅक यांच्याबरोबर स्टिअरिकच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं, आणि साच्यात ओतायला एक कडक, आकसणारं मेण मिळालं. १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ मॉर्गन यांनी मेणबत्त्या ओतायचं जे मशीन आणलं त्यात गोठलेली मेणबत्ती खालून दट्ट्याने वर ढकलली जायची, म्हणजे मशीनची मुख्य करामत सोडवण्याचीच होती. लंडनमध्ये १८३० साली सुरू झालेल्या प्राइस नावाच्या कंपनीने पुढे पश्चिम आफ्रिकेचं पाम तेल मेणबत्त्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरलं. आपल्याकडे साच्यातल्या मेणाची सगळ्यात ओळखीची जागा म्हणजे सप्टेंबरातली बांद्र्याची मोत माउलीची जत्रा, तिथे नवसाला मेणाचे हात, पाय, घरं वाहतात.

ओतताना काय बघायचं

मेण ९० ते ९५ अंशांवर ओततात, पॅराफिनपेक्षा हे बरंच गरम आहे. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवताना तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो पण थेट गॅसवर ठेवायचं नाही, मेणाला आग लागू शकते. साचा आधी कोमट ते गरम करून घ्यायचा, हेअर ड्रायर फिरवला तरी चालतं. थंड साच्यात गरम मेण पडलं की भिंतीला लागलेला थर झटकन गोठतो, नक्षी उमटत नाही, आडव्या रेषा येतात आणि तो पहिला थर भिंतीला धरून बसतो. मुंबईत मे महिन्यात हे फार जाणवत नाही, पण पुण्यात डिसेंबरच्या सकाळी किंवा न्यू जर्सीतल्या कुणाच्या गॅरेजमध्ये जानेवारीत ओतलं की लगेच कळतं. पावसाळ्यात साचा आतून कोरडा आहे ना हेही बघावं, एक थेंब राहिला तरी तिथे खड्डा पडतो.

ओतल्यावर साचा खोक्यात ठेवून टॉवेल गुंडाळायचा म्हणजे तो हळू गार होतो. वर साय धरली की वातीजवळ काडीने तीन-चार भोकं पाडायची, आणि ती बुजली की परत पाडायची, कारण बाहेरून गोठत आत जाताना मधे पोकळ्या राहतात आणि पाम वॅक्समध्ये त्या चांगल्या मोठ्या असतात. वरून अखंड दिसणारी मेणबत्ती सोडवताना मधोमध तुटते ती बहुतेक या पोकळीमुळे.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक. आकसल्यामुळे वर खड्डा पडतो म्हणून दुसऱ्यांदा मेण ओततात, ते पहिल्या पातळीच्या किंचित खालीच थांबवायला हवं. पातळी ओलांडली की गरम मेण काठावरून त्या केसाएवढ्या फटीत उतरतं आणि तिथे गोठून बसतं, म्हणजे जी फट मेणबत्ती सोडवणार होती तीच चिकटपट्टी लावल्यासारखी बंद होते. साच्याला, मेणाला, सुगंधी तेलाला दोष देणाऱ्या बऱ्याच जणांचं प्रत्यक्षात एवढंच झालेलं असतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिलंय.

सुगंधी तेल साधारण पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं की मेण मऊ पडतं, तेल पाझरतं आणि सुटणं अवघड होतं. साच्याला तूप किंवा खायचं तेल लावू नये, नक्षीवर डाग आणि बारीक खड्डे येतात. सिलिकॉनचा स्प्रे वापरायचाच तर अगदी हलका मारून कपड्याने पुसून घ्यावा, पण स्वच्छ, ओरखडा नसलेल्या धातूच्या साच्याला त्याची गरज क्वचितच पडते.

साचा कुठला

धातूच्या साच्यात नक्षी सगळ्यात खुलते. या साच्यांचं ओतायचं तोंड किंचित रुंद असतं, मेणबत्ती तिथूनच बाहेर येते आणि ओततानाची वरची बाजू तिचा तळ होते. पॉलिकार्बोनेटचे साचे पारदर्शक असल्यामुळे मेण भिंतीपासून सुटलेलं डोळ्यांना दिसतं, नवशिक्याला हे फार उपयोगी, फक्त त्यांना चरे लवकर पडतात आणि काही सुगंधी तेलांनी ते धुरकट होतात. सिलिकॉनचा साचा टोपीसारखा उलटवून काढता येतो, तरी फुलाच्या पाकळ्या किंवा कान-नाक असे बारीक भाग असतील तर ठिसूळ मेण तिथेच तुटतं, तेव्हा पूर्ण गार व्हायची वाट बघून साचा सगळीकडून थोडा थोडा सैल करत जायचं.

अडकलीच तर

आधी थांबायचं. हाताला बाहेरून गार लागणारा साचा आत कोमट असू शकतो, जाड मेणबत्तीला पूर्ण दिवस दिलेला बरा. मग साच्याच्या तळाला वात जिथून जाते ते भोक बुजवायला लावलेली पुट्टी आणि वात धरणारा स्क्रू काढला का ते तपासायचं, वात ताणलेली असेल तर ती मेणबत्तीला धरून ठेवते. नंतर साचा उलटा करून तळहातावर हलके ठोके द्यायचे, खाली टॉवेल पसरून, कारण सुटली तर ती एकदम पडते. एवढ्याने नाही झालं तर फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, पॅराफिनवाल्यांची ही सवय पाम वॅक्सला महागात पडते, बाहेरचा भाग आतल्यापेक्षा झपाट्याने आकसतो आणि मेणबत्तीला आरपार तडे जातात.

शेवटचा उपाय गरम पाण्याचा, साचा बाहेरून त्यात धरायचा म्हणजे कडेचं मेण वितळून मेणबत्ती घसरते, पण नक्षी पुसली जाते. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नये, साच्याला पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक मेणबत्तीला त्याच जागी धरून ठेवतो.

रिकाम्या साच्यात राहिलेलं मेण काढायला तो ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर फॉइलवर उलटा ठेवतात (हे फक्त धातूच्या साच्याचं, तेही सांध्याला प्लास्टिक नसेल तर), वितळून खाली येतं आणि गरम असतानाच आतून मऊ कपड्याने पुसून घेतात. हे मेण बेसिनमध्ये ओतू नये, पाइपात गोठून बसतं. तुटलेल्या मेणबत्तीचे तुकडे वात काढून परत वितळवता येतात, फक्त प्रत्येक वेळी सुगंध थोडा कमी होतो आणि वरून परत तेल घालताना आधीचं किती होतं ते धरून घालावं लागतं.