न भरणारी जखम: सरकारी रुग्णालयातले उपचार, पात्रता आणि लागणारे कागद

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला चप्पल लागून झालेला फोड, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या माकडहाडावरचं बेडसोर (एकाच जागी दाब पडून झालेली जखम), अपघातानंतर नडगीवर उघडी राहिलेली जागा. चार आठवडे उलटूनही जखम भरत नसेल तर ती आपोआप भरेल ही आशा सोडावी आणि थेट सर्जनला दाखवावं. दर दोन दिवसांनी खासगी ड्रेसिंग करत महिनोन् महिने काढले की पैसा जातो, आणि पुष्कळदा पायही जातो. हे टाळता येतं, पण त्यासाठी कोणती सोय कुठे मिळते हे आधी माहीत हवं.

सर्वांत जास्त गोंधळ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल होतो. राज्य सरकारची ही योजना भरती करून केलेल्या, ठरलेल्या मोफत उपचारांसाठी आहे. खासगी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज येऊन केलेली ड्रेसिंग तिच्यात बसत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन मृत मांस काढणं, त्वचारोपण, रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया, मोठ्या भाजण्यावरचे उपचार यांसाठी मात्र योजना कामाला येते. रोजच्या ड्रेसिंगसाठी ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या आणि उपचार नि:शुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथले दर वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

पहिल्या दिवशी सकाळच्या ओपीडीत जा आणि केस पेपर सर्जरीचा काढा. जनरल ओपीडीत उभं राहिलात तर तिथून पुन्हा सर्जरीकडे पाठवतात आणि अर्धा दिवस मोडतो. सोबत आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख असू द्या. घरून निघताना जखमेला हळद, चुना किंवा कोणतीही पावडर लावू नका. रंग आणि कडा झाकल्या जातात, आणि डॉक्टरला नेमकं तेच पाहायचं असतं.

नीट झालेली तपासणी कशी दिसते तेही ओळखता यायला हवं. चिकटलेलं गॉझ ओढून काढत नाहीत. त्यावर सलाइन ओतून दोन-तीन मिनिटं थांबतात, मग ते अलगद सुटतं. जखमेची लांबी, रुंदी, खोली पट्टीने मोजून पेपरवर लिहितात. दर आठवड्याला हे आकडे खाली येत आहेत का, यावरच पुढचं ठरतं. मधुमेही पायाच्या खोल जखमेत बोथट टोकाची स्टीलची सळई हलकेच घालून पाहतात. तळाशी टणक, खरखरीत काही लागलं तर हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेल्याची शंका येते आणि एक्स-रे सांगतात. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना बघतात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली असेल तर पायाला रक्तपुरवठा कमी आहे. हे न तपासता घट्ट पट्टी बांधली तर बोटं काळी पडू शकतात. सोबत रक्तातली साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, असतंच. पू कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवायचा असेल तर शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, जखम धुऊन खोलवरचा नमुना घ्यावा लागतो. वरवरचा पू पुसून दिला तर भलतेच जंतू दिसतात आणि औषध चुकतं.

शस्त्रक्रिया लागणार असेल तर तिथून योजनेचं काम सुरू होतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आलेल्या या योजनेला २०१७ मध्ये आजचं नाव मिळालं, नंतर ती केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये झालं. म्हणजे पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा तर आहेतच, पांढरं रेशन कार्डही चालतं. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांनी अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवावं. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्नाची अट न ठेवता, फक्त आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी ते आजच काढा.

अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रुग्णांना मदत करणारा हा योजनेचा माणूस. रेशन कार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, केस पेपर आणि तपासण्यांचे रिपोर्ट त्याच्याकडे द्यायचे. तो नोंदणी करतो, रुग्णालय जखमेचे फोटो व रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरी मागतं, आणि मंजुरी आली की शस्त्रक्रिया होते. अपघाताच्या किंवा भाजलेल्या रुग्णाची पोलिस नोंद, म्हणजे एमएलसी, लागते. तिच्यासाठी उपचार थांबवायचे नसतात, पण तिची प्रत नसेल तर मंजुरी अडते. रुग्ण गंभीर असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन दाखल करतात, कागद मागाहून दिले तरी चालतात.

बहुतेक वेळा अडतं ते नावापाशी. रेशन कार्डवर ‘सुमन बबन’, आधारवर ‘सुमनबाई बबनराव’. किंवा सून तीन वर्षं सासरी राहते आणि तिचं नाव अजून माहेरच्या कार्डात. कार्ड ऑनलाइन नसणं ही तिसरी अडचण. १२ अंकी क्रमांक सापडला नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं. जखम चिघळल्यावर या फेऱ्या झेपत नाहीत. घरात मधुमेही किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हे दुरुस्तीचं काम आणि आयुष्मान कार्डाची ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) आधीच उरका.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाने पैसे द्यायचे नसतात. डिपॉझिट मागितलं, औषधं बाहेरून आणायला लावली, तर आधी आरोग्यमित्राला सांगा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तक्रार नोंदवा. घाईत पैसे दिलेच असतील तर पावती जपा. पावती नसली तर तक्रार पुढे सरकत नाही. डिस्चार्जनंतर १० दिवसांची फेरतपासणी योजनेतच येते. त्यापुढची ड्रेसिंग जवळच्या सरकारी रुग्णालयात होऊ शकते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोणती ड्रेसिंग, किती दिवसांनी, टाके कधी काढायचे, हे लिहूनच घ्या.

उपचार योजनेत बसत नसेल तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या, रुग्णालयाची वाट आहे. कायद्याने तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, आणि तेही दाखल होतानाच. अंतिम बिल झाल्यावर सवलत मिळवणं फार अवघड जातं.

कुष्ठरोगामुळे तळव्याची संवेदना गेलेल्यांना सरकारी यंत्रणेतून एमसीआर या मऊ रबराच्या चपला मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. पाय किंवा बोटं काढावी लागली असतील तर जखम पूर्ण भरल्यावर यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासून घ्या. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

घरी करायचं ते थोडं, पण चुकवू नये असं. पायाच्या जखमेवर भार पडला तर कुठलीही ड्रेसिंग उपयोगाची नाही. सांगितलेला बूट किंवा प्लास्टर घरातल्या घरात, संडासला जातानाही काढायचं नाही. बेडसोर असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, एअर मॅट्रेस असली तरीही. जखम रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊ नका, फेसाबरोबर नवी पेशीही मरते. अंडी, डाळ, दूध, मासे वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरला विचारा.

लाली तासागणिक वर चढते आहे, कातडी काळी पडते आहे, दाबल्यावर खाली बुडबुडे फुटल्यासारखं करकरतं आहे, ताप आणि गुंगी आहे, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णाला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, न्या. फाइल आणि रेशन कार्ड घरातलं दुसरं कोणी मागून घेऊन येईल.