लीज–बास्तोन–लीज

लीज–बास्तोन–लीज : बेल्जियमच्या फ्रेंच भाषक वालोनिया प्रदेशात दरवर्षी साधारणतः एप्रिलच्या अखेरच्या रविवारी होणारी एकदिवसीय व्यावसायिक सायकलशर्यत. लीज शहरातून दक्षिणेला बास्तोन गाठायचे आणि आर्देनच्या डोंगराळ पट्ट्यातून पुन्हा लीजला यायचे, असा तिचा सुमारे २५० ते २६० किमी.चा मार्ग आहे. १८९२ साली सुरू झालेली ही शर्यत ‘मॉन्युमेंट’, म्हणजे सर्वांत प्रतिष्ठेच्या एकदिवसीय शर्यती, म्हणून मानल्या जाणाऱ्या पाच शर्यतींपैकी (मिलान–सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, पॅरिस–रूबे, लीज–बास्तोन–लीज आणि लोंबार्दिया) सर्वांत जुनी आहे. त्यामुळे ती ‘ला द्वायेन’, म्हणजे थोरली, या नावानेही ओळखली जाते. शर्यतीचे मूळ आयोजन लीजच्या पेझां क्लबचे. आता टूर द फ्रान्स भरवणारी आमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन ही संस्था त्यात भागीदार आहे.

उगम : लीजहून पॅरिसला जाऊन परत येणारी एक लांब शर्यत भरवण्याचा बेत होता आणि त्याची चाचणी म्हणून ही छोटी शर्यत आखली गेली. २९ मे १८९२ रोजी हौशी सायकलपटूंसाठी झालेली पहिली शर्यत स्पा या गावातून निघून बास्तोनला वळसा घालून स्पालाच संपली. ३३ जण निघाले, त्यांतले १७ परत पोचले. लीजचाच लेओं हुआ १० तास ४८ मिनिटांत पहिला आला, म्हणजे २५० किमी.च्या अंतरात त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे २३ किमी. पडला. त्या काळचे कच्चे रस्ते आणि गिअर नसलेल्या जड सायकली लक्षात घेतल्या, तर हा वेग थक्क करणारा आहे.

वळायचे ठिकाण म्हणून बास्तोन निवडण्यामागे डोंगर नव्हते, रेल्वे होती. स्पर्धक खरोखर अर्ध्या वाटेपर्यंत गेले की नाही हे पाहायला पंचांना तिथे त्यांच्याआधी पोचणे भाग होते आणि बास्तोनला आगगाडीने जाता येत होते. सोयीसाठी घेतलेल्या या निर्णयाने शर्यतीचा स्वभाव कायमचा ठरवला, कारण बास्तोनकडे जाणारा रस्ता पुष्कळसा सरळ आणि परतीची वाट चढउतारांची, ही विषम रचना तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

हुआने १८९३ आणि १८९४ सालीही विजय मिळवला. यांतली १८९४ची शर्यत प्रथमच व्यावसायिकांसाठी होती. त्यानंतर ती बंद पडली आणि १९०८ साली पुन्हा सुरू झाली. सर्वांत जुनी असूनही तिच्या आवृत्त्यांची संख्या वयाच्या मानाने कमी आहे, त्याचे कारण हा खंड आणि त्यात भर घालणारी दोन महायुद्धे. १९४४च्या डिसेंबरात बास्तोनला जर्मन सैन्याने वेढा घातला होता आणि शर्यत ज्या खेड्यांमधून जाते, त्यांतल्या अनेकांची तेव्हा राखरांगोळी झाली. तरी १९४५ साली शर्यत झाली.

मार्ग : आर्देनचे डोंगर उंच नाहीत. खंडाळ्याच्या बोरघाटासारखा एकसलग, वळणावळणांचा लांब चढ इथे सापडत नाही. नद्यांनी खोल कोरलेल्या अरुंद दऱ्या, त्यांच्या तळाशी गावे आणि माथ्यावर दाट झाडी, असा हा प्रदेश आहे. रस्ता दरीत उतरतो, गावातून पूल ओलांडतो आणि पलीकडच्या काठावर उभा चढतो. एकेक चढण एक ते चार किमी.ची, पण एक संपून श्वास जागेवर येईतो दुसरी समोर येते. एकटी चढण कुणाला हरवत नाही, त्यांची बेरीज हरवते. दिवसअखेर चार हजार मीटरच्या वर चढाई होते. म्हणूनच एरवी आठवड्यांच्या शर्यती जिंकणाऱ्यांनाही ही एक दिवसाची शर्यत मानवते : फेर्दी क्यूब्लर, जाक आंकतील, एडी मर्क्स, बर्नार्ड हिनो आणि तादेय पोगाचार या टूर द फ्रान्सच्या विजेत्यांची नावे तिच्या यादीत आहेत.

जातानाचे सुमारे शंभर किमी. तुलनेने शांत असतात. काही जण पुढे निसटतात, मुख्य घोळका त्यांना जाऊ देतो. बास्तोनहून परतताना उफालीझ गावातली सँ-रोकची चढण लागते. लांबी जेमतेम किलोमीटरभर, पण चढ ११ टक्क्यांच्या आसपास. खरी चाळणी स्टाव्हलोच्या परिसरात सुरू होते. वान, स्टोक्यू आणि ओत-लव्हे या तीन चढणी एकापाठोपाठ येतात. स्टोक्यू किलोमीटरभराचीच आणि सरासरी १२ टक्क्यांच्या पुढची. तिच्यावर मर्क्सचे स्मारक आहे. पुढची रोझिए साडेचार किमी.च्या आसपास लांब आणि झाडीतली. तिच्यावर कुणी जिंकत नाही, मात्र पाठीमागे पडणाऱ्यांची रांग इथून वाढत जाते.

रमूशां गावाबाहेरची ला रदूत ही या शर्यतीची सर्वांत प्रसिद्ध चढण. १९७०च्या दशकात ती मार्गात आली. सुरुवात महामार्गाच्या कडेने, मग गावाबाहेर उघड्या माळावर वर चढत जाणारा अरुंद रस्ता. लांबी दोन किमी.पेक्षा थोडी कमी, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या जवळ आणि मधला टप्पा त्याच्या दुप्पट उभा. दुतर्फा इतकी गर्दी असते की सायकलपटूंना माणसांच्या भिंतींमधून वाट काढावी लागते. या रस्त्यावर ‘फिल’ हे नाव वारंवार रंगवलेले दिसते, ते रमूशांतच वाढलेल्या फिलिप जिल्बेरचे. ला रदूतनंतर फोर्जची चढण येते. तिच्यावर १९५५चा विजेता स्टान ओकर्स याचे स्मारक आहे. तो पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या बंदिस्त ट्रॅकवर झालेल्या अपघातात मरण पावला. २००८ साली समाविष्ट झालेली रोश-ओ-फोकों (लांबी १.३ किमी., चढ ११ टक्के) आता शेवटची मोठी चढण आहे. तिथून अंतिम रेषा साधारण १३ किमी.वर राहते.

शेवट कुठे करायचा, यावर शर्यतीचे रूप बरेचसे अवलंबून राहिले आहे. १९९२ ते २०१८ या काळात ती लीजच्या शेजारच्या आन्स या उपनगरात, चढत्या रस्त्यावर संपत असे आणि त्याआधी सँ-निकोलाची वस्तीतली चढण असे. परिणाम असा झाला की बलवान स्पर्धकही अखेरच्या चढाची वाट पाहू लागले; दहा-पंधरा जणांचा गट एकत्रच आन्सला पोचायचा. २०१९पासून अंतिम रेषा पुन्हा लीज शहरात, सपाटीवर आणली गेली. सपाटीवरच्या शेवटच्या धावेत जे कमी पडतात, त्यांना आधीच निसटावे लागते, त्यामुळे निर्णायक मुसंडी पुन्हा ला रदूत आणि रोश-ओ-फोकोंकडे सरकली. शर्यतीचे हित याच बदलात होते, असे गेल्या काही वर्षांच्या निकालांवरून म्हणता येते.

गाजलेल्या शर्यती : १९५७ साली हिमवृष्टीत झालेल्या शर्यतीला दोन विजेते मिळाले. जेर्मेन डेरायके पहिला आला, पण त्याने वाटेत बंद असलेले रेल्वे फाटक ओलांडले होते. पंचांनी त्याला बाद केले नाही. दुसऱ्या आलेल्या फ्रान्स स्खोबेनला त्याच्याबरोबर विजयी घोषित केले.

मर्क्सने ही शर्यत पाच वेळा (१९६९, १९७१, १९७२, १९७३, १९७५) जिंकली, हा विक्रम आहे. त्यांतला १९७१चा विजय त्याच्या सर्वांत कठीण विजयांपैकी मानावा लागेल. थंडी आणि बर्फात तो खूप लांबून एकटाच निघाला, पाच मिनिटांची आघाडी घेतली आणि मग त्याचे अवसान गळाले. झॉर्झ पिंटेन्सने त्याला अखेरच्या टप्प्यात गाठले. मर्क्सने त्याच्या मागे राहून श्वास सावरला आणि शेवटच्या धावेत त्याला हरवले.

हिनोचा १९८०चा विजय मात्र या खेळाच्या इतिहासात वेगळ्याच जागी आहे. सकाळपासून बर्फ कोसळत होते. एकामागून एक स्पर्धक गाड्यांत बसून परत गेले. १७४ जणांपैकी फक्त २१ जणांनी शर्यत पूर्ण केली. हिनो सुमारे ८० किमी. बाकी असताना एकटा पुढे गेला आणि दुसऱ्या आलेल्या हेनी काउपरपेक्षा नऊ मिनिटांहून अधिक आधी पोचला. थंडीने त्याच्या बोटांना झालेली इजा पुढेही कायम राहिली. हवामान चांगले असते, तर इतके मोठे अंतर पडले नसते हे खरे, पण त्या हवेत सायकलवर टिकून राहणे हेच त्या दिवशीचे कौशल्य होते.

१९८७ साली स्टीफन रोश आणि बेल्जियमचा क्लोद क्रिकेलियों दोघेच आघाडीवर होते. पुढे कोण ओढणार, यावर एकमेकांकडे पाहत त्यांनी वेग घालवला आणि मागून आलेल्या मोरेनो आर्जेंतिनने शेवटच्या क्षणी दोघांनाही मागे टाकले. आर्जेंतिनचे एकूण चार विजय आहेत. स्पेनच्या आलेहांद्रो वाल्व्हेर्देचेही (२००६, २००८, २०१५, २०१७) तितकेच. या शर्यतीच्या आधी बुधवारी फ्लेश वालोन आणि त्याआधीच्या रविवारी नेदरलँड्समध्ये अॅम्स्टेल गोल्ड रेस होते. जिल्बेरने २०११ साली आठवड्याभरात या तिन्ही जिंकल्या, आणि शेवटची आपल्याच गावावरून जाणाऱ्या रस्त्याने.

करोनाच्या साथीमुळे २०२०ची शर्यत ऑक्टोबरात झाली. जुलियां अलाफिलीपने जिंकलो असे समजून रेषेआधीच हात वर केले आणि प्रिमोझ रोग्लिच चाकाच्या अंतराने पुढे गेला. रेम्को एव्हेनेपूलने २०२२ आणि २०२३ साली, तर पोगाचारने २०२१, २०२४ आणि २०२५ साली विजय मिळवला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पोगाचार ला रदूतवरच, सुमारे ३५ किमी. बाकी असताना निघून गेला. २०२३ साली मात्र पडून त्याचे मनगट मोडल्याने त्याला मध्येच माघार घ्यावी लागली होती.

महिलांची शर्यत : ती २०१७ साली, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या शर्यतीनंतर सव्वाशे वर्षांनी सुरू झाली, हा विलंब समर्थनीय नाही. ती बास्तोनहून निघते, त्यामुळे सोपा निम्मा भाग तिच्यात नाहीच आणि परतीच्या कठीण चढणी जवळपास सगळ्या आहेत. पहिल्या दोन्ही वर्षी नेदरलँड्सची अॅना व्हान डर ब्रेखन विजयी झाली. तिच्याच देशाच्या अॅनेमिक व्हान फ्लॉयटन आणि डेमी व्होलरिंग यांनीही प्रत्येकी दोनदा ही शर्यत जिंकली आहे. २०२५ साली मॉरिशसच्या किम ले कोर्टने ती जिंकली; ‘मॉन्युमेंट’ शर्यत जिंकणारी ती पहिली आफ्रिकी महिला होय.