चारने भाग गेला म्हणजे लीप वर्ष?

प्रोग्रामिंग शिकू लागलेल्यांना लीप वर्ष ओळखण्याचा सराव हमखास दिला जातो, आणि ‘चारने भाग गेला की लीप वर्ष’ ही शाळेपासूनची समजूत धरून अनेक जण एकाच अटीत उत्तर लिहून मोकळे होतात. ही अट अपुरी आहे. ग्रेगरियन कालगणनेत शतकपूर्तीच्या वर्षाला ४०० नेही भाग जावा लागतो. म्हणून २००० लीप होते, १९०० नव्हते. अट अशी हवी: ४ ने बाकी शून्य, आणि १०० ने बाकी शून्य नसावी किंवा ४०० ने शून्य असावी. केवळ २०२४ घालून तपासले, तर चुकीचा प्रोग्रामही बरोबर भासतो. १९०० घातले की पितळ उघडे पडते. नवशिक्यांनी ओशाळू नये: लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममधली हीच चूक सुसंगततेसाठी एक्सेलनेही जपली असून, तिथे २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उगवलेली तारीख आजही चालते.