गावाकडचं जुनं घर विकायचंय? आधी उताऱ्यावरची नावं बघा

करवीर तालुक्यातल्या आमच्या घराचा उतारा काढला, तर मालकाच्या रकान्यात आजोबांचंच नाव. त्यांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. घरपट्टी आम्ही न चुकता भरत होतो, पावत्या जपल्या होत्या, पण वारस नोंद कुणी केलीच नव्हती. इसार घेऊन बसलो होतो, तो परत द्यावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

पहिली गल्लत उताऱ्याचीच होते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा 8-अ तर वेगळाच, तो शेतजमिनीच्या खात्याचा. गावठाणाचं भूमापन किंवा स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. ती तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडची नोंद. त्यात क्षेत्र आणि धारकाच्या नावाबरोबर सत्ता प्रकारही (जागा कोणत्या हक्कानं धारण केलीय ते) वाचा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवळासाठी दिलेल्या, जागा पुष्कळ आहेत. तशी नोंद किंवा भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जागा) दिसलं, तर आधी परवानगीचं बघावं लागतं. परडं सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून लागलं असेल, तर तेवढ्या भागाला खरेदीदार शेतकरीच लागतो.

विकायचा हक्क कुणाला? सगळ्या वारसांना मिळून. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यात आल्याच. साडी-चोळी केली म्हणून हिस्सा सुटत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला, आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. वारसांत कुणी अज्ञान (18 वर्षांखालचं) असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलाला आधीच विचारा.

वारस नोंदीच्या अर्जासोबत मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांची ओळखपत्रं आणि चालू घरपट्टीची पावती जोडा. नोंद ग्रामपंचायतीत आणि भूमी अभिलेखमध्ये, दोन्हीकडे करायची. आम्ही एकीकडेच केली आणि दुसरा हेलपाटा पडला. वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला घ्यावा लागतो.

कुणाला हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र करा, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नुसती नोटरी केलेला कागद घराच्या बाबतीत चालत नाही. आमची निपाणीची आत्या सहीला आली, तेव्हा आधी सोप्यात बसली, मग माजघरात जाऊन जात्याचा खुंटा हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. "मला एवढं जातं तेवढं द्या," म्हणाली. तिच्या सहीइतकंच ते जातंही महत्त्वाचं होतं, असं मला आजही वाटतं. सह्या मागायला जाताना घरातल्या वस्तूंचंही बोलून घ्या.

एका भावानं आपला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा बाहेरच्याला विकला, तरी राहत्या कौटुंबिक घरात त्या खरेदीदाराला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचाच दावा लावावा लागतो. अर्धं घर स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जुनी खरेदीखतं ट्रंकेत सापडली तर फेकू नका. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये विलीन झालं. त्याआधीचे कागद मोडीत असायची शक्यता मोठी, आणि मोडी जाणणाऱ्याकडून त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करून घेता येतं. चतुःसीमा त्यातूनच नीट कळतात. आमच्या दस्तात "पूर्वेस गल्ली, पश्चिमेस परडे व विहीर" असं होतं. ती विहीर बुजून गेली तरी हद्द त्यावरूनच ठरली.

नदीकाठचं गाव असेल तर 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी जोत्यापर्यंत आलं की तुळयांपर्यंत, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगा. मातीच्या भिंतीवरची ओल लपत नाही.

पुढचं काम दुय्यम निबंधक कार्यालयात. मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यांकन किंवा ठरलेली किंमत, यात जे जास्त असेल त्यावर आकारतात. घर स्त्रीच्या नावे घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते. आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार लागतात. सही केल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदवायचा. इसार 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं घेऊ नका, बँकेतूनच घ्या. भांडवली नफ्याच्या करासाठी जुन्या घराची 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून लिहून घ्या.

विक्रीनंतर नमुना 8, मिळकत पत्रिका, वीज मीटर आणि नळजोड नव्या मालकाच्या नावे झाल्याची एकेक प्रत स्वतःकडे ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षीची घरपट्टीची मागणी पुन्हा तुमच्याच नावे येते.